पाणी मानवलं

मळ्यातली वस्ती, फलटण
किंक्रांत, जानेवारी १९७८

प्रिय चंद्रा,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. म्हैससुद्धा खुशाल आहे. आज कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. आजच्या दिवशी नवं काम काढायचं नाही असा आमच्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, दंडक आहे, म्हणून मी निवांत लिहायला बसले आहे. त्या स्वतः मात्र सकाळपासून शेणी थापताहेत. त्यांच्या मते ते नवं काम नव्हे, जुनंच. तू मागितलेली वाकळ शिवून झाली. आत माझं लग्नातलं लुगडं घातलं आहे, त्यामुळं ऊब चांगली येईल. पण ती पोस्टानं पाठवणार नाही. का, ते शेवटी सांगते. वसतिगृहातल्या मैत्रिणी तुला कुंभकर्ण म्हणतात, हे तूच दिवाळीला लिहिलं होतंस. तेव्हा मास्तरीणबाई, मध्येच झोप लागली तर खुशाल झोपा, पण उठल्यावर पुढचं वाचा. शेवटपर्यंत वाचायचं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुझा राग लवकर येऊन लवकर जाईल. गेल्या वर्षी मी दोनदा मिरजेच्या दवाखान्यात येऊन गेले. मिरज ते सांगली किती लांब, ते तुला माहीत आहे. तुझ्या इतक्या जवळ येऊन तुला न भेटता परत गेले. आबांनी शपथ घातली होती की चंद्रीला यातलं काही कळता कामा नये. ती शपथ मी आज मोडते आहे, आणि मोड म्हणून सांगणारेही आबाच आहेत.

हे समजायला तुला माझ्या लग्नापर्यंत मागं जावं लागेल. बहात्तरच्या दुष्काळात आपण सगळी खडी फोडायला जात होतो. तू लहान होतीस, सुकडी मिळते म्हणून उड्या मारत यायचीस. त्या वर्षी आबांनी मनाशी पक्कं केलं की थोरली पोरगी पाटाच्या पाण्यावरच द्यायची. कवठे महांकाळच्या अलीकडे-पलीकडे कुणी स्थळ सांगितलं तर ते ऐकूनसुद्धा घेत नसत. इथं आले तेव्हा त्यांनी आधी कालवा पाहिला, मग ऊस पाहिला आणि नवरा मुलगा सगळ्यांत शेवटी. तुझे दाजी अजून मला चिडवतात की तुझ्या बापानं मला पसंत केलंच नाही, त्यांनी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारून लग्न ठरवलं.

आबांना त्या पाण्याचा किती अभिमान होता, म्हणून सांगू! दरवर्षी भोगीला ते बाजरी आणि तीळ घेऊन यायचे. पण मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत, आणि आबा म्हणजे रीतीचे पक्के. आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या गावाकडून भरून आणायचे आणि बाहेर ओट्यावर बसायचे. मी दाराशी उभी राहायची. परतीच्या गाडीची वेळ व्हायच्या आत ते मला डोळे भरून बघायचे, तेवढीच आमची भेट. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी अंगानं भरायला लागले होते. गाल वर आले, हात गुबगुबीत झाले. आबा खूश. आल्यागेल्याला सांगायचे, "पोरीला पाणी मानवलं." गावी जाऊन आईलाही तेच सांगायचे. आणि आपल्या कोरड्या मुलखात या शब्दापेक्षा मोठं सुख कुठलं गं? मला स्वतःलाही ते खरं वाटायचं. बांगड्या चढेनात, तेव्हा मी कासाराला हसत सांगितलं की माप वाढवा, सासर मानवलं आहे.

पण चंद्रा, ते सुख नव्हतं. मी हळूहळू विझत चालले होते आणि कुणालाच, मलाही, ते दिसत नव्हतं. आठवतं का, दळण कांडण करून वर मी तुला पाठुंगळी घेऊन विहिरीवर पळत जायची? तीच मी इथं पीठ मळता मळता परातीत हात तसाच ठेवून बसायला लागले. पहाटे डोळे उघडायचे, पण अंग उठायचं नाही. केस विंचरले की फणीत झुबका यायचा. कातडी खरवडली की कोंडा पडायचा. भूक नाही, तरी अंग वाढतच चाललेलं. बायकांचं महिन्याचं जे असतं त्याचा काही मेळ राहिला नव्हता, आणि मूल होत नाही म्हणून वस्तीवरच्या बायका मला बघून आवाज बारीक करायच्या. बोलताना शब्द जिभेपाशी येऊन थांबायचा. आत्याबाईंनी हाक मारली की ती ऐकू यायची, समजायची, पण ओ द्यायला वेळ लागायचा. त्या तर शेजारीपाजारी सांगत की आमच्या टोकाच्या सरीला पाणी लवकर पोचतं, पण सुनेला हाक पोचत नाही.

त्यांची जीभ कशी आहे ते तू लग्नात ऐकलंच आहेस. मला म्हैस म्हणून झालं, अजगर म्हणून झालं. मी नवऱ्याच्या आठवणीत झुरते आहे असंही त्यांना वाटून गेलं. त्या नादात त्यांनी पठाणकोटला, दाजींच्या पलटणीत, पत्र लिहवून घेतलं आणि दाजींना वेळेआधी रजा काढायला लावली. ते आले ते थेट मळ्यात. दार लावलेलं. मी आतून "कोण हाय?" म्हटलं, तर ते दाराबाहेरच थबकले. त्यांना वाटलं, घरात कुणी पुरुष पाहुणा उतरला आहे. इतका माझा आवाज जाड झाला होता! ते खूप हसले, मीही हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. जात्यावर माझ्या ओव्या ऐकायला ज्या पहाटे मुद्दाम जाग्या राहत, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

दाजी रजा संपवून गेले. जाताना आत्याबाईंना एवढं म्हणाले की पलटणीत आमची दरवर्षी डॉक्टर तपासणी करतात, हिचीही एकदा करून घे. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषध दिलं. दोन बाटल्या संपल्या, मी आहे तशीच. मग भर वैशाखात, सगळी वस्ती अंगणात उघड्यावर झोपलेली असताना, आत्याबाईंनी पाहिलं की मी घरात चुलीच्या उबेला वाकळ पांघरून पडले आहे आणि तरी कुडकुडते आहे. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. पाय गारठलेला. त्या दिवसापासून त्यांनी मला म्हैस म्हणणं बंद केलं. आणि खरं सांगते, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू मिरजेला काढलेला, त्यामुळं त्यांच्या लेखी जगात दवाखाना एकच. निघायच्या आधी त्यांनी आबांना कार्ड टाकायला लावलं: मुलीला मोठ्या दवाखान्यात नेतो आहोत, माहेरचं कुणीतरी असावं. बरोबर रीतीप्रमाणं. पण आबांनी ते कसं वाचलं असेल? त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची गुटगुटीत, पाणी मानवलेली लेक. त्यांना वाटलं, मूल होत नाही म्हणून ही मंडळी पोरीत खोट काढताहेत आणि डॉक्टरची सही घेऊन तिला घरी धाडणार आहेत. आम्ही लोणंदहून रेल्वेनं मिरजेला उतरलो, तर आबा कवठ्याहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं आधीच येऊन फलाटावर उभे. डोक्याला लग्नातला फेटा. भांडायलाच आले होते. सगळ्या हमालांदेखत ते आत्याबाईंना म्हणाले, पोरगी नांदवायची नसंल तर सरळ सांगा, असली नाटकं कशाला? मी पेटीवर बसून राहिले. तिथून मी कुणाबरोबर परत जाणार, फलटणला की कवठ्याला, तेच मला कळेना. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "पाव्हणं, आधी तपासू. मग निवांत भांडू."

डॉक्टर बाईच होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी माझा गळा चाचपला, पापण्या पाहिल्या, भुवयांच्या कडा पाहिल्या, मला चार वाक्यं बोलायला लावली आणि मध्येच माझं बोलणं थांबवून आत्याबाईंना विचारलं की ही पहिल्यापासून अशीच बोलते का. मग मला एका लाकडी खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला सांगितलं, भिंतीकडे तोंड आणि पावलं मागं मोकळी लोंबती. बापासमोर आणि सासूसमोर तसं उभं राहायला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी रबरी हातोडीनं टाचेच्या वरच्या शिरेवर टुकदिशी मारलं. पाऊल मागं हललं. ते आपोआप झटकन परत यायला पाहिजे, पण माझं पाऊल सावकाश, विचार करत करत परत आलं. मला मागचं दिसत नव्हतं, मला फक्त आत्याबाईंचा चुकचुकाट ऐकू आला. मग त्या माउलीनं काय करावं? मला खाली उतरवून स्वतः खुर्चीवर चढल्या, म्हणाल्या, माझ्या पायावर मारा, म्हणजे चांगला पाय कसा असतो ते ह्यांना कळंल. हातोडी लागली आणि त्यांचं पाऊल असं उडालं की डॉक्टरीणबाई मागं सरकल्या. मग आबांना चढवलं. ते नाही नाही म्हणत फेटा सावरत गुडघे टेकून उभे राहिले. त्यांचंही पाऊल चटकन हललं. उतरल्यावर आबांनी बाईंना विचारलं, पोरीचा पाय पुन्हा एकदा दाखवता का? मी पुन्हा चढले. पुन्हा टुक. पुन्हा ते पाऊल रेंगाळत परत आलं.

बाईंनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला थायरॉईड म्हणतात. ती जो रस रक्तात सोडते त्यावर सगळं अंग चालतं: ऊब, केस, आवाज, चालणं, बोलणं, बायकांचं सगळं. ती मंदावली की माणूस सगळ्या बाजूंनी मंदावतं, आणि अंगाला सूज येते ती चरबी वाटते. पायावरून शंका येते, पण खात्री रक्तावरून होते. ते रक्त मुंबईला पाठवावं लागतं, उत्तर यायला महिना लागतो. रक्त काढता काढता त्यांनी सहज विचारलं, हिला बहिणी किती? हे घरातल्या बायकांत उतरतं कधी कधी. आबा म्हणाले, एक हाय धाकटी, सांगलीत मास्तरकी शिकतीया, ठणठणीत हाय. बाई म्हणाल्या, छान, पण लक्ष ठेवा.

आबांच्या मनात त्यातलं लक्ष ठेवणं राहिलं नाही, उतरतं एवढंच राहिलं. स्टेशनवर त्यांनी मला बाजूला घेऊन शपथ घातली. चंद्रीला बघायला पाहुणे यायला लागलेत, थोरलीच्या गळ्यात असलं दुखणं आहे हे बाहेर फुटलं तर धाकटीला कोण करील? मला घेऊन जायचंही त्यांनी काढलं, पण हट्टानं नाही. आत्याबाई म्हणाल्या, मी आणलीया, मीच नेणार, बरी झाली की माहेरपणाला धाडते. आबांनी मान हलवली. छोटी गाडी सुटताना ते खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते.

उत्तर आलं ते बाईंना वाटलं होतं तेच. आषाढात आम्ही तिघं पुन्हा मिरजेत. बाईंनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज सकाळी उपाशीपोटी एक. आबांनी विचारलं, किती दिवस? बाई म्हणाल्या, जन्मभर. चंद्रा, ते ऐकून आबांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. लेकीला जन्माचं दुखणं, आणि ते सासरच्यांसमोर उघडं. मी तर खालीच बघत होते. मला वाटलं, आता आत्याबाई काहीतरी बोलतील आणि त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य ठरेल. त्या बोलल्या, "जल्मभर, तर जल्मभर. भाकरी बी जल्मभरच खातूया की आपुन." आणि गोळ्यांची बाटली कनवटीला लावून उठल्या. त्या सासूच्या पायावर मला तिथंच डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण वाकून उठायला मला वेळ लागला असता आणि त्या ओरडल्या असत्या.

गोळीनं जादू झाली नाही. पहिले काही आठवडे तर मला वाटलं, मुंबईचं रक्त चुकलं. मग एकदा गवत कापताना कपाळावरून काहीतरी ओघळलं. पुसून पाहिलं, तर घाम. किती वर्षांनी! मी विळा टाकून बांधावर बसून रडले. हळूहळू चेहऱ्यावरची सूज उतरली. बांगड्या मनगटात खेळायला लागल्या. एका सकाळी आत्याबाई चहात साखर कमी म्हणून करवादल्या आणि मी ताडकन उत्तर दिलं की मग स्वतः करून प्या. माझंच ऐकून मी गार पडले. आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि शेजारच्या राधाकाकूंना हाक मारून सांगितलं, आगं, सून वसकन बोलली आज मला. त्या संध्याकाळी त्यांनी मारुतीला नारळ फोडला. आता आमचं रोज भांडण होतं, अगदी वेळच्या वेळी. आणि जात्यावर पुन्हा ओवी लागते. वरचा सूर अजून फाटतो, पण लागतो.

आता परवाचं सांगते. भोगीला आबा आले, बाजरी आणि तीळ घेऊन, दरवर्षीप्रमाणं. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोडावले आहे, आणि ते रोडावणं बघून आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आनंदाचं. मग त्यांनी जे केलं ते बघून वस्तीवरच्या बायकांचे पदर तोंडाला गेले. चपला काढून ते सरळ आत आले, चुलीपुढं बसले आणि म्हणाले, राही, पाणी दे. चंद्रा, तुला तर अजून भाचा नाही की भाची नाही. मी घुटमळले. ते म्हणाले, "भाईर बसून लय बघितलं तुला. काय बी दिसलं न्हाई." मी तांब्या भरून दिला. ते प्यायले. मग आत्याबाईंनी त्यांना भोगीची तीळ लावलेली भाकरी वाढली.

जेवता जेवता मी तुझी चौकशी केली. सोयरीक पक्की झाली, वैशाखातली तारीख धरली, हे आबा कौतुकानं सांगत होते. मुलाकडच्यांना तू फार आवडलीस. मग म्हणाले, "चंद्रीबी आता लय ग्वाड दिसाया लागलीया. अंगानं भरलीया. आवाज तेवढा जरा बसलाय. सांगलीचं पाणी मानवलंय पोरी…"

आणि त्यांचा घास तसाच हातात राहिला. मी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी माझ्याकडे. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उलटली नाही. मला तुझी वाकळ आठवली, आणि तुझ्या मैत्रिणी तुला काय म्हणतात ते. घास ताटात ठेवून आबा म्हणाले, तू लिही तिला, तुझं ऐकंल ती. मी सांगितलं तर तिला वाटंल, बाप लगीन मोडतोय.

म्हणून हे पत्र, बाळ. कदाचित तुला काहीच नसेल. सांगलीत थंडी आहे आणि परीक्षेचं जागरण आहे, एवढंच असेल. तसं निघालं तर आपण चौघं तुझी चेष्टा करत भेळ खाऊ. पण असेल तर ते तुझ्या लग्नाआधी कळू दे, माझ्यासारखं पाच वर्षांनी नको. तेवीस तारखेच्या सोमवारी आबा छोट्या गाडीनं मिरजेला येतील, मी आणि आत्याबाई लोणंदहून येतो. मुलाकडच्यांना आधीच सांगायचं, लपवायचं नाही, असं आबांनीच ठरवलं आहे. आत्याबाई म्हणतात, ते नाही म्हणाले तर त्यांच्याकडे मी स्वतः जाते. त्या गेल्या तर ते घाबरून हो म्हणतील, त्याची काळजी नको. तुला खुर्चीवर गुडघे टेकायला लाज वाटेल, पण आबांनी सांगितलं आहे की आधी माझ्या पायावर मारा, मग पोरीच्या. वाकळ मी बरोबर आणते. तू ती ज्या दिवशी उकडतं म्हणून लाथेनं बाजूला करशील, त्या दिवशी मला दोन ओळींचं कार्ड टाक. आणि वाचता वाचता झोप लागली असेल तर उद्या परत पहिल्यापासून वाच. सोमवारी मात्र ये.

तुझीच,
राहीआक्का